खरखर नेमकी कुठून येते?

“भाऊ, टीवी नुसता खरखर करून राह्यला.” बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक बहुधा एवढंच सांगतं आणि सेट काउंटरवर ठेवतं. घाईतला मेकॅनिक पाठ उघडतो, आत एक नजर टाकतो आणि ‘किट गेलं’, म्हणजे आतला बोर्डच गेला, म्हणतो. या दोन वाक्यांच्या मधे जे विचारायला हवं होतं, ते राहूनच जातं. खरखर सगळ्या चॅनेलवर आहे का? आवाज बारीक केला की तीही बारीक होते का? सेट चालू केल्याबरोबर येते, की तापल्यावर? लाईट गेल्यावर, इन्व्हर्टरवर असताना वाढते का? याची उत्तरं पेचकसाला हात न लावता घरबसल्या मिळतात, आणि बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते त्यांतच असतं.

आधी पैशाचं बघू. एलईडी टीव्हीत सर्वांत महाग वस्तू पॅनेल. ते गेलं तर दुरुस्तीपेक्षा नवा सेट बरा, हे बहुतेक वेळा खरंच असतं. आवाजाच्या वाटेवरचे भाग मात्र किरकोळ किमतीचे. स्पीकरची जोडी काही शे रुपयांत येते, कपॅसिटर त्याहून कितीतरी स्वस्त, आणि काळवंडलेली पिन पुसायला काहीच लागत नाही. चित्र झकास आहे, फक्त आवाज फाटतोय, असा सेट भंगारवाल्याच्या गाडीवर चढवणं हा निव्वळ उतावीळपणा.

वॉरंटी साधारण एका वर्षाची. ती संपल्यावर कंपनीचं सेवा केंद्र असतं, पण तिथे सुटा भाग शोधून दुरुस्त करण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलण्याकडे कल असतो. काही सेटच्या बाबतीत तर विचारायला कंपनीच उरलेली नाही. व्हिडिओकॉनचा कारखाना आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद)-पैठण रस्त्यावरच्या चितेगावला. ऐंशीच्या दशकापासून त्या नावाचे सेट मराठवाडा-विदर्भात घरोघरी पोचले. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या सेटवाल्यांना आता गावातला मेकॅनिक आणि स्वतःचे कान, एवढाच आधार.

कानांनी काम करायचं तर आवाजाची वाट ठाऊक हवी. छतावरच्या छत्रीतून किंवा केबलमधून सिग्नल सेट-टॉप बॉक्समध्ये येतो. बॉक्समधून एचडीएमआय वायरने किंवा लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी टीव्हीत जातो. टीव्हीतला प्रोसेसर आवाज वेगळा काढतो, त्याची पातळी कमी-जास्त करतो आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आयसीकडे पाठवतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याला ताकद देतो आणि शेवटी स्पीकरचा कागदी पडदा हलतो. या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय बाजूला बसलेला असतो आणि त्याची खोड सगळ्यांना लागते. खरखर या वाटेवर कुठेही शिरू शकते. आपण वाट एकेका ठिकाणी तोडायची आणि खरखर कोणत्या बाजूला राहिली ते ऐकायचं. बाकी सगळं या एका युक्तीचाच विस्तार आहे.

सुरुवात रिमोटवरच्या म्यूट बटणापासून. म्यूट करूनही आवाज येतच असेल, तर बहुधा त्याचा स्पीकरशी संबंध नाही. टीव्ही बंद केल्यावर रात्री खोली शांत झाली की ‘कट्... कट्’ असा आवाज येतो आणि घरातली माणसं धसकतात. तो प्लास्टिकच्या सांगाड्याचा असतो. सेट तापला की प्लास्टिक आणि आतला पत्रा प्रसरण पावतात, दोघांचा वेग वेगळा. निवताना पुन्हा आकसतात आणि जोडावर अडलेला ताण कट्‌दिशी सुटतो. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत हा दोष नसल्याचं लिहिलेलं असतं, आणि इथे कंपनीचं म्हणणं बरोबर आहे.

पिक्चर ट्यूबचा जुना सेट असेल तर गोष्ट वेगळी, आणि धोक्याची. रंगीत ट्यूबला वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात. ते फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमध्ये तयार होतात आणि जाड वायरीने ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीपाशी जातात. इतक्या दाबाची वीज धूळ ओढून घेते. आपल्याकडे धुळीला तोटा नाही: काळ्या मातीची आहे, रस्त्याची आहे, खामगावसारख्या कापसाच्या गावात रुईचे तंतू आहेत. पावसाळ्यात हवा दमट झाली की धुळीच्या त्या थराला ओल धरते आणि त्यावरून वीज चरचरत जमिनीची वाट शोधते. ‘चर्रर्र’ आवाज, अंधारात मागून दिसणारी निळसर झाक आणि ओझोनचा उग्र वास, ही तिची खूण. असा सेट ताबडतोब बंद करून प्लग काढायचा. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहतो, म्हणून ती रबरी टोपी उचलून पाहण्याचा पराक्रम कुणीही करू नये. साफसफाई जाणत्या मेकॅनिकनेच करायची. अशाच सेटमध्ये चालू करताना ‘घम्म’ होतं आणि काचेवर क्षणभर तडतड ऐकू येते. ती नेहमीची. ट्यूबचं चुंबकत्व घालवणारं वेटोळं आणि काचेवरची स्थिर वीज यांचा तो आवाज, काळजीचं कारण नाही.

म्यूट केल्यावर खरखर थांबली, तर ती आवाजाच्या वाटेवर आहे हे नक्की. आता पेन ड्राइव्ह आणा. त्यात एखादं ओळखीचं, स्वच्छ ध्वनिमुद्रित गाणं घाला आणि टीव्हीच्या यूएसबी खाचेत लावा. छत्री, केबल, बॉक्स आणि वायर ही सगळी मंडळी एका फटक्यात वाटेतून बाजूला होतात. गाणं स्वच्छ वाजलं तर टीव्ही निर्दोष. दुकानात नेण्याआधी एवढं केलं, तर कितीतरी सेटची वारी वाचेल. यूएसबी नसलेल्या जुन्या सेटला शेजाऱ्याचा बॉक्स आणून लावला तरी भागतं.

दोष बॉक्सच्या बाजूला निघाला तर आवाज कसा तुटतो ते ऐका. डिजिटल सिग्नल कमी पडला की जुन्या अँटेनासारखी फुसफुस येत नाही. आवाजाचे तुकडे पडतात, मधेच ‘टिक’ किंवा चिवचिव होते आणि त्याच वेळी चित्रावर चौकोन उठतात. चित्र आणि आवाज दोन्ही एकदम बिघडले, तर दोष छत्रीत किंवा तारेत. दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. आज तिचा सिग्नल जीसॅट-१५ उपग्रहावरून, पूर्वेच्या ९३.५ अंशांवरून येतो. या कामासाठी वापरली जाणारी केयू बँडची लहर मुसळधार पावसात शोषली जाते. म्हणून आभाळ भरून आलं की आवाज तुटणार आणि उघडीप पडली की आपोआप सुधारणार, त्याला इलाज नाही. उघडीप पडूनही तुटत राहिला, तर माकडांनी किंवा वाऱ्याने छत्री जराशी फिरवलेली असते, नाहीतर छत्रीवरच्या एलएनबीच्या जोडात पाणी शिरलेलं असतं.

चित्र चांगलं आणि फक्त आवाज खरखरतो, अशा वेळी आधी लाल-पांढऱ्या पिना बघा. या पिनांवरचा मुलामा झिजतो, खाली काळा थर येतो. हलवली की खरखर बदलते का, पाहायचं. बदलली तर पिन काढून कोरड्या सुती कापडाने पुसायची आणि चार-पाच वेळा घालून-काढून घट्ट बसवायची. वायर नवीन घेतली तरी चहा-नाश्त्याच्या खर्चात येते. जाता जाता सांगतो: जुन्या टीव्हीला आवाजाची एकच पांढरी खाच असते. बॉक्समधून फक्त पांढरी पिन लावली तर आवाजाची डावी बाजूच येते, आणि काही जुन्या गाण्यांत गायक अर्धवट हरवल्यासारखा वाटतो. तो बिघाड नव्हे.

पेन ड्राइव्हवरचं गाणंही खरखरलं, तर दोष टीव्हीत. या टप्प्यावर लोक हात टेकतात, पण खरी मजा इथून पुढे आहे. रिमोट घ्या आणि आवाज सावकाश खालीवर करा.

टीव्हीत आवाजाची पातळी अ‍ॅम्प्लिफायरच्या शेवटच्या, ताकद देणाऱ्या टप्प्याच्या आधी ठरते. त्यामुळे त्याआधी शिरलेली खरखर गाण्याबरोबरच लहान-मोठी होते. गाणं अर्धं केलं की तीही अर्धी. पण खरखर त्या टप्प्यानंतर शिरली असेल, तर रिमोटचा तिच्यावर अंमल चालत नाही. आवाज १ वर असो की ४० वर, ती तेवढीच राहते. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची आयसी, पॉवर सप्लाय किंवा अर्थिंग. ही चाचणी आवाज शून्यावर नेऊन करू नका, कारण शून्यावर बरेच सेट अ‍ॅम्प्लिफायरच बंद करतात आणि फसवी शांतता मिळते. १ किंवा २ वर ठेवा.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. बारीक आवाजात सगळं ठीक, एका ठरावीक आकड्यापुढे गेलं की फाटतं. हा बहुधा स्पीकर असतो. खात्रीसाठी हेडफोन लावा. हेडफोनमध्ये मोठ्या आवाजातही स्वच्छ ऐकू आलं, तर प्रोसेसरपर्यंतची वाट साफ आहे आणि संशय स्पीकर किंवा त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर येऊन ठेपतो. याच हेडफोनच्या खाचेत एक गंमत आहे. जुन्या सेटमध्ये या खाचेत बारीकशी पट्टी असते. पिन आत गेली की ती उचलली जाते आणि स्पीकर बंद होतो. पिन काढली की पुन्हा टेकते. वर्षानुवर्षं कुणी हेडफोन लावत नाही, पट्टीवर धूळ आणि गंज चढतो, आणि स्पीकरला जाणारा सगळा आवाज त्या गंजलेल्या टेकणीतून खरखरत जातो. हेडफोनची पिन दहा-वीस वेळा घालून-काढून पट्टी घासली गेली की काही सेट तिथल्या तिथे बरे होतात. बिजागरीचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मात्र त्यात मारू नका. विजेच्या जोडांसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. त्याहून जुन्या, फिरवायच्या बटणाच्या टीव्हीत हाच खेळ व्हॉल्यूमच्या बटणात असतो. आतला कार्बनचा पट्टा झिजलेला असतो, म्हणून बटण फिरवतानाच खरखर येते आणि थांबवलं की थांबते.

स्पीकरचा दोष ओळखायला पखवाज चांगला. हरिपाठाचं किंवा भजनाचं ध्वनिमुद्रण लावा. टाळांवर, गळ्यावर आवाज स्वच्छ आणि पखवाजाच्या घुमणाऱ्या थापेवर ‘भर्रर्र’ झालं, तर पडदा फाटलेला आहे, त्याच्या कडेचा डिंक सुटला आहे, किंवा मधलं तारेचं वेटोळं चुंबकाच्या फटीत घासतं आहे. ही फट मिलिमीटरच्या अंशाइतकी अरुंद असते आणि लोखंडाचा बारीक कण चुंबकाला चिकटून तिथे बसला तरी पुरतो. पातळ टीव्हीत स्पीकर मुळातच लहान, बहुधा आठ-दहा वॉटचे, आणि तोंड खाली नाहीतर मागे. त्यांच्यावर ‘बास बूस्ट’ नावाचा अत्याचार करून आवाज पूर्ण वाढवला की वेटोळं तापतं आणि डिंक सुटायला लागतो. माझं मत स्पष्ट आहे: पातळ टीव्हीतल्या सगळ्या ‘सराउंड’, ‘बास’, ‘सिनेमा’ वगैरे सोयी बंद करून ‘स्टँडर्ड’ ठेवावं. निम्म्या घरांतली फाटकी खरखर त्यानेच कमी होईल. एक शक्यता याहून साधी. मागच्या झाकणाचा एखादा स्क्रू ढिला असतो किंवा भिंतीवरचं खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर टीव्हीला टेकलेलं असतं, आणि थापेबरोबर ते थरथरतं. झाकण तळहाताने हलकेच दाबून धरा. भुरभुर थांबली तर काम स्क्रूवर भागलं.

आता त्या दुसऱ्या प्रकाराकडे, रिमोटला न जुमानणाऱ्या खरखरीकडे. तिचा बहुतेक वेळचा गुन्हेगार पॉवर सप्लायमध्ये उभा असतो: डब्याच्या आकाराचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, जुन्या मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात टाकी जे काम करते, तेच हा करतो. वीज लाटांनी येते, हा साठवतो आणि सलग धारेने पुढे देतो. याच्या आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजलेला कागद असतो. उष्णतेने तो द्रव वर्षानुवर्षं रबरी बुचातून उडून जातो, साठवण घटते, अंतर्गत रोध वाढतो आणि लाटा तशाच पुढे जातात. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची दिशा सरळ करताना लाटा दुप्पट होतात, म्हणून कपॅसिटर थकला की १०० हर्ट्झची जाडसर ‘घूंऽऽ’ आणि तिच्यावर स्वार झालेली खरखर ऐकू येते. २००० च्या आगेमागे तैवानमधल्या काही कारखान्यांतून सदोष द्रवाचे कपॅसिटर जगभर गेले, आणि काही वर्षांत संगणकांपासून टीव्हीपर्यंत कितीतरी यंत्रांत त्यांची डोकी फुगली. पहिल्या पिढीच्या एलसीडी टीव्हीतले अनेक सेट त्याच काळातले.

याचं आयुष्य किती, याचं ढोबळ गणित अभियंते मांडतात. तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. कपॅसिटरच्या अंगावर ‘१०५°’ छापलेलं असतं आणि साध्या प्रतीचा कपॅसिटर त्या तापमानाला २,००० तास टिकण्यासाठी बनवतात. टीव्हीच्या आत त्याच्याभोवती ६५ अंश असतील, तर आयुष्य सोळा पट, म्हणजे ३२,००० तास. रोज सहा तास टीव्ही चालला तर साडेचौदा वर्षं. तेच आत ७५ अंश झाले तर सव्वासात.

हे दहा अंश कुठून येतात? बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याला ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हा भेद सांगायला नको. बुलढाणा, चिखली, मेहकरची हवा त्या मानाने थंड. घाट उतरून खामगाव, शेगाव, नांदुऱ्याच्या पूर्णाकाठी आलं की मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात. वर्षभराची सरासरी धरली तर दोन्हींतला फरक दहा अंश भरत नाही, हे कबूल. पण पत्र्याच्या छताखाली, पश्चिमेच्या भिंतीवर, वरून रुमाल-भरतकामाचं कापड टाकून हवेच्या झरोक्यांची तोंडं बुजवलेला टीव्ही आणि मोकळ्या भिंतीवरचा टीव्ही यांच्यात हा फरक सहज पडतो. धूळ झाडली, कापड काढलं आणि मागे चार बोटं जागा सोडली, तरी कपॅसिटरला काही वर्षं मिळतात.

थकलेला कपॅसिटर ओळखायची युक्ती मात्र थंडीतली. द्रव थंड असताना त्याचा रोध आणखी वाढतो. म्हणून घाटावर डिसेंबरच्या सकाळी टीव्ही लावला की दहा मिनिटं खरखर, आणि सेट तापला की ती आपोआप विरते. नेमकं उलट घडलं, सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या-पाऊण तासाने खरखर, तर संशय कपॅसिटरवरून उठवून ड्राय सोल्डरवर न्यावा. म्हणजे टाका वरून धड दिसतो, पण आत बारीक चीर पडलेली असते. तापून प्रसरण झालं की चीर उघडते. अशा सेटला कडेवर हलकी थाप मारली की खरखर बदलते. जुन्या काळी घरोघरी टीव्हीला जी थाप पडायची तिच्यात एवढं शास्त्र होतंच. फक्त पातळ पॅनेलच्या टीव्हीवर ती मारू नका. काच महागात पडेल.

सेटच्या बाहेरची वीजही आवाजात शिरते. रब्बीत पंप सुरू झाले की गावातला दाब खाली येतो. पण आजच्या टीव्हीचा स्विचिंग पॉवर सप्लाय बऱ्याच कमी दाबावरही तग धरतो, म्हणून नुसत्या कमी व्होल्टेजने खरखर क्वचितच येते. ठिणग्यांनी येते. सैल बटण, ढिला प्लग, पंख्याचा स्वस्त रेग्युलेटर, डीपीवरचा सुटत आलेला जोड. घरातलं एकेक उपकरण बंद करत गेलं तर गुन्हेगार सापडतो. दिवे मधेच प्रखर, मधेच मंद होत असतील तर मात्र आवाजाचा विचार सोडा, टीव्ही, फ्रिज सगळ्यांचे प्लग काढा आणि महावितरणला कळवा. न्यूट्रल तुटला असेल तर २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज घरात येऊ शकतं. लाईट गेल्यावर, इन्व्हर्टरवरच गुणगुण येत असेल, तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याची चौकोनी कडांची लहर आवाजात उमटते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेणं हा त्यावर उपाय, पण केवळ टीव्हीसाठी मी तो खर्च करायला सांगणार नाही.

अर्थिंगचं प्रकरण आपल्या जिल्ह्यात मोठं मजेशीर आहे. टीव्हीचा प्लग बहुधा दोन पिनांचा, त्याला अर्थ नसतोच. पण बॉक्सला केबलची तार येते, तिच्या बाहेरच्या जाळीतून लांबचा अर्थ येतो, आणि जोडीला तीन पिनांची साउंड सिस्टिम लावली की घराचा अर्थ येतो. या दोन अर्थांमध्ये थोडा जरी फरक असला, तरी त्यांच्या मधल्या तारेतून प्रवाह वाहतो आणि ५० हर्ट्झची खोल ‘हूंऽऽ’ सुरू होते. केबलची तार बॉक्समधून काढली आणि हूंकार थांबला, तर निदान झालं. छत्रीची तार लावताना बोटाला झिणझिण्या येतात त्याही याच कुटुंबातल्या. आता घाटावर पहा: वीतभर माती, मग मुरूम, मग बेसाल्टचा खडक, अर्थिंगला अशी जमीन प्रतिकूल. घाटाखाली पूर्णेच्या गाळाची खोल काळी माती, काही भागात खारपाणपट्टा. ओल असेल तोवर अशी माती वीज उत्तम वाहून नेते. पण तीच माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटून बाजूला होते आणि खड्डा नावापुरता उरतो. म्हणून उन्हाळ्यात सुरू झालेली आणि दोन पावसांनंतर नाहीशी झालेली हूं-हूं ऐकली, तर टीव्ही उघडण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून पाहा.

सेट उघडण्याची वेळ आली तर कुठवर जायचं, हे ठरवून ठेवा. एलईडी टीव्हीचा प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार काही वेळ राहतो. जुन्या एलसीडीत मागच्या ट्यूबलाइटसाठी हजाराच्या घरातला दाब तयार होतो. हाताची सवय नसलेल्याने स्पीकर आणि त्याच्या पिनेपलीकडे बोट नेऊ नये. स्पीकरची तपासणी सोपी: त्याची पिन बोर्डावरून काढा आणि दीड व्होल्टचा साधा सेल त्याच्या दोन तारांना क्षणभर टेकवा. स्वच्छ ‘टक्’ आला तर वेटोळं जिवंत. पडद्याचा मध्य दोन बोटांनी अलगद दाबल्यावर आत घासल्यासारखं लागलं तर स्पीकर गेला. नवा घेताना जुन्याच्या पाठीवरचे ओहम आणि वॉट बघून तेवढ्याचाच घ्यायचा. ८ ओहमच्या जागी ४ ओहम बसवला तर अ‍ॅम्प्लिफायरवर दुप्पट भार येतो आणि पुढची दुरुस्ती आयसीची होते. उघडलाच आहे तर मुंग्यांचं वारूळ, झुरळं आणि त्यांची विष्ठा बघा. बोर्डाच्या उबेला ही मंडळी हमखास येतात आणि त्यांच्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

मेकॅनिककडे जाताना तक्रार अशी सांगता आली पाहिजे: “पेन ड्राइव्हवर पण खरखरतो, हेडफोनात स्वच्छ आहे, आवाज वीसच्या पुढे नेला की फाटतो.” एवढं ऐकल्यावर चांगला मेकॅनिक स्पीकरच उघडतो, आणि दुसरा ‘किट गेलं’ म्हणताना जरा विचार करतो. काढलेला जुना भाग परत मागायचा. त्यात संकोच नको, पैसे तुमचे आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत घरगुती उपकरणंही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळही सुरू झालं. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि वॉरंटीचे नियम एका ठिकाणी मिळावेत, हा त्याचा हेतू. ब्रँडचा सुटा भाग किंवा जवळचं केंद्र शोधायला तिथून सुरुवात करता येते. सेवा घेताना फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि अ‍ॅम्प्लिफायरची आयसीच गेली, तिचा जोड बाजारात मिळेना, पण चित्र अजून उत्तम आहे, तर? मग टीव्हीला फक्त चित्राचं काम द्यायचं. बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना टीव्हीऐवजी घरातल्या एखाद्या साउंड सिस्टिमला किंवा वीज लावून चालणाऱ्या स्पीकरला जोडा, टीव्ही म्यूट करा आणि आवाज बॉक्सच्या रिमोटने कमी-जास्त करा. एचडीएमआय लावलं असलं तरी बऱ्याच बॉक्सच्या या पिना चालू असतात. पडद्यावरचे ओठ आणि आवाज किंचित मागेपुढे वाटले, तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधून चालू करा. त्याने चित्रावरची प्रक्रिया कमी होते आणि उशीर बराचसा निघून जातो.